सुईत दोरा आणि डोळ्यातल्या शिरा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गोधडीची सुई हातात घेतली की आधी तूच समोर येतेस. मारेगावच्या आपल्या घरात डोळ्यांची परीक्षा एकच होती. ओसरीवर उजेडाकडे तोंड करून सुईत दोरा ओवायचा. ओवला, की डोळे चांगले. शेजारीण असो की पाहुणा, तू सगळ्यांना हेच करायला लावायचीस. तुला शुगर निघाली, शहरात डोळे दाखवून येऊ म्हटलं, तर माझ्यासमोर पहिल्याच फटक्यात दोरा ओवून म्हणालीस, "पाह्य. कायले नेतं मले तिकडं?" आम्हीही माना डोलावल्या. पुरावाच होता ना तो.

मग एका सकाळी तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मधेच माझ्यावर डाफरतेस, चुलीत काय ओलं घातलं, किती काजळी उडून राह्यली म्हणून. मी पाहते तर काजळी कुठेच नाही. तू मात्र पदरानं ती झटकते आहेस. शुगरनं डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं, हे आपल्याला फार उशिरा कळलं. उजवा डोळा तेव्हा गेला, दिवाळीच्या आधी डावा. त्यानंतर तू जगलीस ती भिंत चाचपत, कुणाशी धड न बोलता. मला अजून राग येतो. तुझा, आमचा, त्या मेल्या सुईचा.

आता मी डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे. तपासणीची गाडी घेऊन आम्ही झरी जामणीकडच्या गावांत जातो. माणसानं हनुवटी टेकवायची, मी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढते. पुढचं काम कॉम्प्युटरचं. तो रक्ताच्या बारीक बारीक शिरा वेगळ्या काढतो, कुठली फुगली, कुठली झिरपते ते शोधतो आणि लाल खूण टाकतो. त्या माणसाला तेव्हा सगळं नीट दिसत असतं. हेच भयंकर आहे, आई. आत शिरा खराब होत असतात आणि सुईचं नेढं स्वच्छ दिसत राहतं.

परवा तुझ्या वयाची एक बाई आली. दोन्ही डोळ्यांवर लाल खूण. उपचाराला यवतमाळला चला म्हटलं तर हसली. "मले अजून सुई ओवता येते, बाई. मी कायले येऊ?" मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले. मग तिच्याच शिरा स्क्रीनवर दाखवल्या, तुझं सांगितलं. ती उठून गाडीत बसली.

परतताना आमच्या सिस्टरनं सहज विचारलं, "मॅडम, तुम्हालेही शुगर आहे नं? तुमचा फोटो कधी काढला?" उद्या काढू, म्हणाले. त्याआधीही मी असंच म्हणत आले आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आज सकाळी खोलीचं दार लावलं, खिडकीकडे तोंड केलं आणि तुझ्या डब्यातली सुई काढली. दोरा पहिल्याच फटक्यात गेला. मला इतकं बरं वाटलं, आई, की मी आजही फोटो काढला नाही.