दुपारी अडीचचा हॉर्न

प्रिय वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. सगळे म्हणजे मीच. एरवी मी वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं तुला आठवत नसेल. लग्न होऊन आले त्या दिवशीच तू बजावलं होतंस, की वन्सं म्हण हवं तर, पण अहो-जाहो केलंस तर बोलणार नाही. मग आपण एका छताखाली सत्तावीस वर्षं पोटभर भांडलो, आणि तुझी बदली झाल्यापासून चार वर्षं तेवढंही नशिबात नाही. आता महिनाअखेरीला तू शाळेतून निवृत्त होणार. मग त्या गणिताच्या बाईंबरोबर तिकडेच खोली घ्यायची की इकडे माझ्याकडे यायचं, हे तुला शनिवारपर्यंत ठरवायचंय. रविवारी फोनवर त्यावर आपलं बोलणं झालं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण त्याआधी तुला गाडीचं सगळं ऐकावं लागेल, नाहीतर माझा वेडेपणा तुला कळायचा नाही.

गाडी म्हणजे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची, दोन-दोन ब्रेकवाली. दोन वर्षांपूर्वी तुझा भाऊ गेला, मी स्कूल बंद केलं, छपरावरचा फलक उतरवला, पण गाडी काही विकवली नाही. ती आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभी असते. दर शनिवारी मी ती सुरू करते आणि सवयीने शेजारच्या, शिकवणाऱ्याच्या सीटवर सरकून बसते. पाय आपोआप ब्रेकवर जातो. शेजारी स्टिअरिंगच्या चाकावर कोणी नसतं, तरी एकदा मी 'आरसा बघा' म्हणाले. हसू नकोस. तुलाही याच गाडीत शिकवलं होतं मी. फाटकाला धडकलीस आणि खाली उतरून फाटकालाच सॉरी म्हणालीस! तुझ्या भावाने त्यानंतर आठवडाभर जेवताना तुला पाणी वाढलं की सॉरी म्हणायचा नेम धरला होता.

तर मागच्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमाराला, मी उशीचा अभ्रा शिवत होते आणि खाली कुणीतरी हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. मी खिडकीतून ओरडले, अरे कोण गाढव आहे ते! बघते तर काय, गाढव आपलंच. गाडीत कुणी नाही, किल्ली माझ्याकडे खुंटीला, आणि हॉर्न बोंबलतोय. किल्ली घेऊन धावत खाली गेले. चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, मधोमध चार बुक्क्या मारल्या, ढिम्म. बॅटरीची तार सोडवली की संपलं हे मला कळत होतं, पण तुझ्या भावाने दहा नंबरचा पाना कुठे ठेवला ते तोच जाणे. तोवर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर लेंग्यावरच पाना घेऊन आले. समोरची नर्स, जिची रात्रपाळी असते, ती उशीचे वळ गालावर घेऊन उतरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तार सुटली, एकदम शांत झालं, आणि कोण जाणे कशावरून, आम्ही तिघं जे हसत सुटलो ते थांबेचना. मी म्हटलं, आता आलाच आहात तर चहा तरी घ्या.

वन्सं, कपाटातले चांगले कप काढले तर त्यांवर धुळीचा थर होता. दोन वर्षांत एका वेळी एकाहून जास्त कप मी विसळलाच नव्हता.

त्यानंतर तीनदा असंच झालं, दरवेळी दुपारीच, उन्हाच्या कडाक्यात. आपल्याकडेच गाडी शिकलेला तो मेकॅनिक आठवतो ना, परीक्षेच्या दिवशी नवस बोलून आलेला? तो आला, त्याने चाकाचं मधलं झाकण उघडलं. आतली पट्टी झिजून झुकली होती. ऊन तापलं की झाकण फुगायचं, पट्टी खाली टेकायची आणि आपण दाबल्यासारखा हॉर्न वाजायचा. एवढंच. पण तो येईपर्यंतच्या पंधरा दिवसांत पोस्टमास्तरांनी तीन वेगवेगळी कारणं शोधून काढली होती, त्यातलं एक उंदराचं होतं, आणि प्रत्येक कारण ते माझ्याकडे बसून सविस्तर सांगायचे. नर्स येताना बिस्किटं आणायची. हॉर्न वाजला की पाच मिनिटांत माझं घर भरायचं. मेकॅनिकने नवी पट्टी बसवली, जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, बाई, आता निर्धास्त राहा, हा पुन्हा तोंड उघडणार नाही.

आणि खरंच, त्याने ते उघडलं नाही. पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी अडीचला मी चहाचं आधण ठेवलं आणि उतरवलं. दहा दिवस कुणी आलं नाही. येतील कशाला? हॉर्न बंद झाला म्हणजे म्हातारीचं बरं चाललंय. पोस्टमास्तर जिन्यात भेटले, गाडी कशी आहे विचारून पुढे गेले. गाडी बरी आहे म्हटलं. दुपार किती लांब असते, हे शाळेत असणाऱ्या माणसाला कळत नाही. मी अभ्रे संपवले, पडदे उसवून पुन्हा शिवले.

अकराव्या दिवशी अडीच वाजता मी किल्ली घेऊन खाली उतरले, माझ्या नेहमीच्या सीटवर बसले, शेजारी हात लांब करून तळवा हॉर्नवर ठेवला आणि दाबून धरला. माणसं दिसली तशी बाहेर येऊन उभी राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. सोंग इतकं छान वठलं की मीच चकित झाले! पोस्टमास्तर पाना घेऊन आले आणि मेकॅनिकला नावं ठेवू लागले. तो बिचारा माझ्यापायी बदनाम झाला. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. मग मी ते पुन्हा केलं. पुन्हा एकदा केलं. आणि लक्षात घे, ही ती बाई आहे, जिने हॉर्न वाजवून मित्राला घराबाहेर बोलावणाऱ्या शिकाऊंना गाडीतून उतरवून, चालत जाऊन बेल वाजवायला लावली. हॉर्न माणसाला हाक मारायला नसतो, हे मी पंचवीस वर्षं घसा फोडून शिकवलं.

परवा सोमवारी पकडले गेले. नर्सने सलग दोन पाळ्या केल्या होत्या आणि दोनला कुठे तिचा डोळा लागला होता. अडीचला मी हॉर्न दाबला. तिने खिडकीतून खाली पाहिलं, आणि वरून तिला माझा हात सरळ दिसला. ती खाली आली. पोस्टमास्तर आले त्यांना तिने सांगितलं, काही नाही, मी बघते, तुम्ही जा. मग काचेशी वाकली. डोळे लाल झालेले होते तिचे. मला वाटलं आता ही चारचौघांत माझी लाज काढणार, आणि तिने काढायलाच हवी होती. ती फक्त म्हणाली, काकू, मी सहाला उठते, सहानंतर केव्हाही माझी बेल वाजवत जा. आणि वर झोपायला गेली. मी तासभर गाडीत बसून रडले, वन्सं. तुझा भाऊ गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

आता रविवारचं. तू विचारलंस, वहिनी, मी येऊ का तुझ्याकडे राहायला. आणि मी तुला काय ऐकवलं? की माझ्याकडे रोज माणसांचा राबता असतो, पोस्टमास्तर काय, नर्स काय, मला श्वास घ्यायला फुरसत नाही, तू आपली खुशाल गणिताच्या बाईंबरोबर खोली घे. तू म्हणालीस, चल, तुझी काळजी मिटली. तो राबता कसा जमत होता ते आता तुला कळलं. तू विचारत होतीस तेव्हा मला आनंद झाला होता, पण कीव करून येशील या भीतीने जीभच वळली नाही. म्हणून हे लिहितेय. मला एकटीने राहवत नाही. त्या बाईंना होकार दिला नसशील तर देऊ नकोस, दिला असशील तर माफी मागून मोडून टाक, हवं तर माझं नाव सांग. हे वाचून कीव आली तरी चालेल, पण ये. आणि फोन करून विचारू नकोस, फोनवर मी पुन्हा छान चाललंय म्हणेन. सरळ सामान घेऊन ये.

तुझीच, आणि आता दुसऱ्या कुणाची नसलेली,
वहिनी