दर्याची वडी

त्रिंबकदादा,

तिकडं किनाऱ्याला वाहून येणाऱ्या चरसच्या पाकिटाला पोरं 'दर्याची वडी' म्हणतात, हे तू फोनवर हसत सांगितलं व्हतंस. तू घरी धाडलेल्या नव्या घोंगडीचं मात्र काहीच बोलला नाहीस.

मेंढरामागं जाणाऱ्याला घरातली नवी घोंगडी द्यायची आपली रीत. मी ती मेंढरं घेऊन निघालेल्या आपल्या मल्हारतात्यांच्या खांद्यावर टाकली. ते कळप घेऊन गंगापूरकडं गेले.

आज इथं पिशोरात दोघं अनोळखी आपल्या घरी आले. "घोंगडीत शिवलेली दर्याची वडी कुठंय?" मी भिऊन तात्यांची वाट सांगून टाकली. एकटंच म्हातारं माणूस हाय रे, उघड्या रानात.

तुझा फोन लागत नाय. हे पत्र तरी कुठं धाडू? त्या दोघांनी तुझा पत्ता विचारलाच नाय.

तुझी बहीण,
पुतळा