बैठकीत बोललेलं ॲप

चि. वैष्णवीस, नेकनूरहून आश्रुबामामाचा नमस्कार. (आशीर्वाद मुद्दामच लिहिला नाही. आपल्याकडं मामानंच भाचीच्या पाया पडायची रीत आहे, आणि यंदा तर मी अगदी मनापासून पडतोय.)

अक्काचे गुडघे कसे आहेत? तेल चोळते का नुसतीच कुरकुरते? तुमच्या युसूफ वडगावचे लोक ‘पोरगी पास होऊन घरीच बसली’ म्हणत असतील, तिकडं कान देऊ नकोस. आमच्याकडं सगळं क्षेम आहे. मामीचा निरोप मात्र नाही, कारण ती माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण आहे माझा अभ्यास.

तुला ठाऊकच आहे, आता आम्हा जुन्या गुरुजींनाही टीईटी पास व्हायची आहे, नाहीतर नोकरीवर पाणी. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, आता आपलाच पेपर! गावाला कळू नये म्हणून मी क्लास न लावता मोबाईलवर ॲप घेतलं. ॲप गुणी आहे, पण लई तोंडाळ. बारीक अक्षर दिसेना (चष्म्याचा नंबर वाढलाय हे मामीला सांगू नकोस), म्हणून मी त्याचा वाचून दाखवायचा आवाज चालू केला, आणि तिथंच घात झाला.

परवा मामीच्या भावाच्या, दिंद्रुडच्या बंकटरावांच्या पोरीची सोयरीक जुळली आणि बैठक भरली. बैठकीला गुरुजी लागतोच. गुरुजीचा शब्द दोन्हीकडं चालतो, असा आजवरचा समज. सगळं ठरलं, फक्त लग्न कुणाच्या दारात यावर गाडी अडली. बंकटराव म्हणत होते आमच्या दारात, नवरदेवाकडचे म्हणत होते आमच्या. मी कोपऱ्यात आवाज बंद करून सराव चाचणी सोडवत होतो. सगळे माझ्याकडं वळले, तसा मी फोन घाईघाईनं खिशात कोंबला, घसा साफ केला आणि निकाल दिला, “लग्न मुलीच्या दारात.” तेवढ्यात खिशातून खणखणीत आवाज आला, “उत्तर चुकले! पुन्हा प्रयत्न करा.” (खिशात आवाजाचं बटण आणि कुठला तरी पर्याय दाबला गेला असणार.) अख्खी बैठक हसून लोळली, आणि त्या हशातच लग्न नवरदेवाच्या दारात ठरून गेलं. माहेरचा मान माझ्या खिशानं घालवला, असं मामीचं म्हणणं आहे, आणि ते खोटं कसं म्हणू?

पण खरी गंमत पुढंच आहे. नवरदेवाचा चुलता तानाजी मी नोकरीत शिकवलेल्या पहिल्याच वर्गातला, आता ऊसतोडीचा मुकादम. त्यानं फोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “गुर्जी, तुमी आजून पासच न्हाई व्हय? मग आमाला पास केलतं ते खरं धरायचं का न्हाई?” पुन्हा हशा झाला. मीही हसलो. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जात नाही. ऊसतोडीवरून आलेली पोरं सगळी अक्षरं विसरून येतात, त्यांना मी दरवर्षी नव्यानं शिकवतो आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. पण मानसशास्त्रवाल्या त्या परदेशी मंडळींची नावं माझ्या डोक्यात टिकत नाहीत, एकाचा सिद्धांत दुसऱ्याच्या गळ्यात जातो. परीक्षा उगीचच आहे असं मी म्हणणार नाही. भीती वाटते, एवढंच. नोकरीची तर वाटतेच, पण आता रस्त्यात कुणी ‘गुर्जी’ म्हणून हाक मारली तरी चोरट्यासारखं होतं.

तर असं आहे. अक्काला यातलं काही सांगू नकोस, ती गावभर करील.

तुझा, पांढऱ्या मिशांचा परीक्षार्थी,
आश्रुबामामा

ता.क. सुट्टीत इकडं येऊन मला शिकवशील का? तू ही परीक्षा पहिल्याच फटक्यात काढलीस. लोकांना सांगू, मामीची समजूत घालायला आलीय.

आणखी ता.क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. तू पास होऊन जागेची वाट पाहतेस. मी नापास झालो तर एक जागा रिकामी होते. ती वाचवायला मी तुलाच बोलावतोय, हे मला कळतं गं. नाही म्हणालीस तर मामा रागावणार नाही. हो म्हणालीस तर मात्र तुझ्यापुढं पाटी घेऊन बसल्यावर तोंड कुठं लपवू, तेवढं कळव.