प्रॉडक्शनला देऊ नये

३ जून, सकाळी १०
आजपासून रोज लिहिणार. हथखोजच्या आमच्या कारखान्यात दीडशे लोकांचे लॉगिन-पासवर्ड एका जागी सांभाळणारं डिरेक्टरी सर्व्हर सॉफ्टवेअर आणायचं चाललंय. ओपन सोर्स, फुकट. ते भरवशाचं आहे की नाही, हे मी ठरवायचं. साहेबांनी माझ्याकडेच दिलं, म्हणजे आयटी इन्चार्जची रिकामी जागा माझीच. सुपेल्याच्या बाजारात नेमप्लेट करायला टाकली.

४ जून
मॅन्युअल चारशे पानांचं. अनुक्रमणिका वाचली. अंदाज आला.

५ जून
सर्व्हर माझ्या टेबलावरच्याच कॉम्प्युटरवर बसवला. टेस्टिंग जोरात. एकूण युजर: मी. बारा वेळा लॉगिन केलं, बाराही वेळा झालं. रीना (आमच्याच विभागात, मला ज्युनिअर, पण तिला ते पटलेलं दिसत नाही) म्हणाली, मधेच बंद करून बघा काय होतं ते. चालती वस्तू बंद कशाला करायची? काही लोकांना शंकाच फार.

७ जून
रिपोर्ट दिला. 'आधी स्टोअरमध्ये ट्रायल घ्यावी. नॉट रेडी फॉर प्रॉडक्शन.' आयटीत प्रॉडक्शन म्हणजे रोजचं खरं काम. एवढं तर कुणालाही कळतं.

८ जून
जानरावांना कळलं नाही. जानराव म्हणजे आमच्या प्रॉडक्शन खात्याचे हेड. रिपोर्ट फडकावतच आले. 'स्टोअरवाल्याईले देता, मंग आमाले कावून नाही? प्रॉडक्शनवाले का अंगठेबहाद्दर आहेत?' मी शांतपणे व्याख्या सांगणार होतो. पण त्यांचा आवाज मोठा आणि माझा स्वभाव समजूतदार. उद्या साडेअकराला प्रॉडक्शनला देऊन टाकतो म्हटलं. टेबलावरूनच.

९ जून, दुपारी दीड
कँटीनला निघालो. नेहमीप्रमाणे टेबलाचा स्विच बंद केला. सेफ्टी ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात. पाळणारा मी एकटा.

दुपारी तीन
दोनच्या शिफ्टचे साठ लोक मशीनसमोर हात बांधून उभे. एकाचंही लॉगिन होईना. मी तत्काळ निदान केलं: फुकटचं सॉफ्टवेअर. साहेबांना फोनवर जरा ठणकावूनच सांगितलं. तेवढ्यात रीनाने येऊन स्विच लावला.
जानराव सगळ्यांसमोर म्हणाले, 'हा गडी बटन बंद करून जेवून राहिला होता!' साठ लोक हसले. फार लागलं मला. शिस्तीची ही किंमत.

१० जून
कुणी विषय काढला नाही. म्हणजे विसरले.

११ जून
साहेबांचा निर्णय आला. सॉफ्टवेअर पास. सर्व्हर वेगळ्या खोलीत, कुलपात, सोबत जोडीला दुसरा. इन्चार्ज रीना.
नेमप्लेटही आजच आली. 'सुशील रामटेके, आयटी इन्चार्ज'. स्पेलिंग अगदी बरोबर. बायकोने, पायलने, विचारलं, घराच्या दारावर लावू का? म्हटलं, राहू दे कागदातच.
माझ्याबद्दल साहेबांनी एकच ओळ लिहिली: रेडी फॉर प्रॉडक्शन. उद्या सकाळी सहापासून जानरावांच्या हाताखाली.
रीनाने जाताना माझं नवं लॉगिन करून दिलं. पहिल्याच वेळी झालं.