लंडन ते मेलबर्न, व्हाया अकोला

१५ ऑक्टोबर २००६, रविवार

हो म्हणून बसले! विपुलचा अमरावतीहून फोन आला आणि मी चक्क हो म्हणून बसले.

१९३४ साली विमानांची खरीखुरी शर्यत झाली होती — लंडन ते मेलबर्न. वीस ऑक्टोबरला सुटली होती. आमच्या कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या गेमच्या सीडीत ती अख्खी आहे. तेच लाल विमान, तोच रस्ता. "मॅडम, तुमी अकोल्यातून उडवा, मी अमरावतीतून. येत्या वीस तारखेले, दुपारी बाराले!"

हा विपुल आधी माझा विद्यार्थी. मग तीन वर्षं माझ्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. मग एक दिवस न सांगता गेला आणि अमरावतीत स्वतःचा क्लास काढला. मधल्या मूर्तिजापूरकडची पोरं तिकडे वळली. मला एक शब्द नाही! वर्षभर फोन नाही. आणि आता शर्यत.

हरणाऱ्यानं आपल्या दारावर पाटी लावायची. मी हरले तर — 'विपुल सर आमच्यापेक्षा चांगले शिकवतात.' तो हरला तर — 'मला येतं ते सगळं चंदा मॅडमनं शिकवलं.'

ती दुसरी पाटी मला बघायचीच आहे.

१७ ऑक्टोबर

नियम ठरले. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उडायचं, बाकी वेळ विमान जिथल्या तिथे. लाईट गेली तर गेली, रडायचं नाही. समुद्र आणि वाळवंटावर चौपट वेग चालेल. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन, चार्लव्हिल इथे उतरणं सक्तीचं. कुठं पोचलो ते विपुलच फोन करून सांगणार आणि विचारणार. त्याच्या फोनवर बाहेरून फोन लागत नाही म्हणे.

वाट दाखवायला माणूसही मिळाला. खालचे गादीवाले रहमतुल्ला चाचा. "हजले गेलतो तवा सात घंटे खिडकीपाशी बसलो, बेटा. मले सगळं मालूम हाय."

१९ ऑक्टोबर

चाचांनी पायलटच्या खुर्चीसाठी गादी शिवली. "कापसाले भाव नाई, म्हणून भल्ला भरला!" इतका भरला की बसल्यावर माझं डोकं पंख्याच्या वाटेत येतं आणि पाय जमिनीला लागत नाहीत.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

बाराला सुटलो. बारा वाजून एक मिनिटानं इंग्लंडमधल्या एका शेतात आपटलो. पुन्हा सुटलो.

दीडला चाचा नमाजला गेले ते ऐन फ्रान्सवर. मी एकटीच! परत आले तेव्हा आल्प्स समोर. "वर घे, वर घे!" म्हणून त्यांनी स्वतःचीच मान वर केली. साडेतीनला लाईट गेली. यूपीएस पंधरा मिनिटं कण्हला, तेवढ्यात विमान सेव्ह केलं. पाचला आली.

संध्याकाळी अजान झाली. चाचांच्या हातात खजूर, पण नजर स्क्रीनवर. तिथे भर दुपार.

"ऊन हाय ना अजून?"

"चाचा, आपण अकोल्यात आहोत."

"मंग सकाळपासून मी हाव कुठं?"

जहाँआरा चाची दारातूनच ओरडल्या, "खजूर खावा पह्यले! विमान कुठी जात नाई!" खाल्ला. रोजा सुटला.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं. कुंकू नेमकं तुर्कस्तानवर पडलं आणि तासभर आम्ही त्याला आग लागली समजून वळसा घातला.

बगदादला उतरलो. विपुलचा फोन — तो बगदाद सोडून कधीच पुढे!

"तुझ्याकडे लोडशेडिंग नाही का रे?"

"हाय ना मॅडम. पन वारं चांगलं लागलं."

वारं! माझे आज तीन तास अंधारात गेले.

२२ ऑक्टोबर

माझंच चुकलं. अलाहाबादची वाट राजस्थानवरून जाते. चाचा म्हणाले, जरा खाली दाबून अकोल्यावरून घे, चाचीला घर दाखवू. मी म्हटलं उशीर होईल. त्यांनी उपाशी माणसाचं तोंड केलं. घेतलं.

चाची चष्मा लावून आल्या. स्क्रीनवर अकोला म्हणजे एक धावपट्टी आणि चार झाडं. मोर्णा नदी नाही, बाजार नाही.

"माही गच्ची कुठं हाय?"

"झाडामागं," चाचा म्हणाले.

"आन् वाळवण?"

"उचललं असन."

चाची पाच मिनिटं झाडामागे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विमानातून आपन चांगले दिसतो." दीड तास गेला आमचा!

२३ ऑक्टोबर

सकाळच्या बॅचला दोघीच आल्या. सुट्टी आहे हे खरं, पण सुट्टीआधीही चौघीच होत्या. सोयाबीन गेलं, कापसाचं असं झालं. फी पुढच्या महिन्यात देतो म्हणतात आणि मग यायचेच बंद होतात. त्या दोघींना विमानात बसवलं. बंगालचा उपसागर त्यांनीच ओलांडला, माझ्यापेक्षा सरळ.

विपुल सिंगापूरला अडकलाय! "भल्लं वादळ हाय मॅडम, तीन तास झाले, सोडूनच नाई राहिले." मग बराच वेळ बोलत बसला. क्लासमधला जुना प्रिंटर, माझी खोकल्याची गोळी, चाचांची तब्येत. फोन वाजला की मी पळतच उठते हे चाचांनी पाहिलं.

आम्ही त्याला गाठलं. आमच्या सिंगापूरला आभाळ स्वच्छ होतं. नशीब!

२४ ऑक्टोबर

भाऊबीज. हरले.

डार्विनपर्यंत बरोबरीत होतो. दुपारी दोन तास लाईट गेली. आली तेव्हा चार्लव्हिलवरून उडालो, चाचा "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते, आणि साडेचारला फोन. "मॅडम, मेलबर्न. उतरलो." आवाज जिंकणाऱ्याचा नव्हता. मीच अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.

आम्हीही उतरलो, पन्नास मिनिटांनी. उतरायचं म्हणून उतरलो. चाचांनी टाळ्या वाजवल्या.

पाटी रंगवली. शब्दाला शब्द. दारावर टांगली आणि खाली न बघता वर आले.

२५ ऑक्टोबर, ईद

चाचांकडे शीरखुर्मा खाऊन आले तर विपुल पाटी काढत होता. अंगानं पार वाळलाय.

म्हणाला, क्लास आखाडातच बंद पडला, कॉम्प्युटर विकले. शर्यतभर शाळेचा नकाशा आणि फूटपट्टी घेऊन एसटीडी बूथमध्ये बसला होता.

"मग सिंगापूरचं वादळ?"

"तुमी मांगं पडल्या होत्या. पुढं निघून गेलो असतो त बोललो कोनाशी असतो?"

"मग जिंकलास कशाला रे?"

"भाऊबीज म्हून बूथवाला लवकर बंद करून राहिला होता, मॅडम. उतराच लागलं."

सोमवारपासून सकाळची बॅच विपुल सर घेतील.