लाल पेन्सिलीच्या खुणा

लीड्स, रविवार, १४ नोव्हेंबर १९५४

काल देवासहून पत्र आलं, पण बाबांचं. आईचं नाही.

मी विलायतेला निघालो तेव्हा आई बहिणीची पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसली. का, तर मला स्वतःच्या हातानं पत्र लिहिता यावं. चाळिशी उलटल्यावर! तिचं पहिलं पत्र गेल्या महिन्यात आलं. चारच ओळी. "सुटर घाल, भोत थंडी असेल."

आणि मी काय केलं? लाल पेन्सिलीनं चुका दाखवून ते पत्रच परत पाठवलं. खाली लिहिलं, "आई, शुद्ध लिहीत जा." त्या लाल खुणा करताना मला मजा वाटत होती, हेही इथं लिहायला हवं.

बाबा लिहितात, "तुझ्या आईनं लिहिणं सोडलं. म्हणते, शिकलेल्या मुलाला माझा कशाला ताप?"

शेजारच्या खोलीतल्या बंगाली मित्रानं विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी "हो" म्हणालो. लाल पेन्सिलीचं सांगायचं धाडस झालं नाही.

माफीचे तीन कागद फाडले. मग मोठ्या, सुट्या अक्षरांत एवढंच लिहिलं, "आई, माझं चुकलं." ती एकेक अक्षर जुळवत वाचेल. तेवढा वेळ मला तिच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं आहे.