दहा पट्ट्या आणि देवीचा कोंबडा

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी. जानेवारीची पानं कोरी राहिली, ती शेवटी वापरीन. संकल्प: या वहीत फक्त हिशोब आणि देवाचं नाव. गावगप्पा नाहीत.
दूध १ लिटर. पांढरे ९.
(वहीवर देवाचं नाव, माझ्या गळ्यात तुळशीची माळ. म्हणून 'अंडी' हा शब्द मी लिहीत नाही. पांढरे म्हटलं की देवालाही कळतं, मलाही.)
काल चौकातल्या डीपीतून मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, लाईट गेली. आज डीपीखाली सहा कावळे मरून पडलेले. काय रोग आला देव जाणे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
पेपरात बर्ड फ्लूची बातमी. दुसरीकडची आहे, पण मी लगेच ओळखलं. मी मॅट्रिक आहे, सन १९९१, विज्ञानात ५८. हे म्हणाले, कावळे करंटनं मेले असतील. ह्यांची शाळा नववीलाच सुटली, त्यांना काय सांगायचं. सूनबाईला, म्हणजे प्रतिक्षाला, जनावरांच्या दवाखान्यात फोन लावायला सांगितला. बॅलन्स तिचा.
पांढरे १०. संकल्प: महाशिवरात्रीपर्यंत पांढरे विकणे बंद. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं तर हात स्वच्छ पाहिजेत.
सायं. ५. शाळेतल्या बाई आल्या, दहाही घेऊन गेल्या. याला विकणं म्हणत नाहीत. त्यांनी मागितले.

४ फेब्रुवारी, बुधवार
उद्या सरकारी टीम येणार. म्हणून एकदा लिहून ठेवते: कोंबड्या माझ्या नाहीत. चार वर्षांमागं आमच्या सोमेश्वरला नोकरी लागावी म्हणून मी देवीला कोंबडा बोलले. नोकरी लागली. मधेच मी माळ घातली, आता कापायचा कसा? म्हणून त्याला देवीच्या नावानं सोडला. देवीच्या कोंबड्याला कोणी हात लावत नाही. अकरा कोंबड्या त्याच्यामागं आल्या, तो त्याचा संसार. मी सकाळी दाणे टाकते अन् पांढरे उचलते, एवढंच. नाही उचलले तर पायाखाली येतील.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी. सकाळी ११.
टीम आली. डॉक्टर प्रियंका मॅडम आणि दोन माणसं. मॅडम माझ्या सुनेच्या वयाची, पण वरून खालपर्यंत पांढरा झगा, डोळ्याला गॉगल, तोंडाला मास्क. मेलेले कावळे पिशवीत भरून घेतले. बर्फाच्या पिशव्या ठेवायला फ्रिज पाहिजे म्हणाल्या. चांगला फ्रिज आमचाच, म्हणून सगळा कॅम्प आमच्या अंगणात लागला. शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. देशासाठी एवढं करावं लागतं.
पद्धत समजून घेतली. कोंबडीच्या घशात एक कापसाची काडी, मागच्या बाजूला एक. अशा दोन-दोन जोड्या. एक जोडी बाटलीत घालून बर्फाच्या डब्यातून भोपाळच्या लॅबला. दुसरी इथंच घोळवायची, त्याचे थेंब एका पट्टीवर टाकायचे, पंधरा मिनिटांत निकाल. मी प्रत्येक वेळी "बराबर" म्हणत होते. मॅडमना आधार वाटला असणार.
आमच्या अंगणातल्या पाच कोंबड्या झाल्या, शेजारच्या रूपाबाईच्या पाच. रूपाबाईच्या ऐंशी आहेत. तिच्या राणीची नर्सिंगची फी याच कोंबड्यांतून भरायची आहे, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात विकून.
देवीच्या कोंबड्यामागं दोन्ही माणसं अर्धा तास पळाली. तो तुळशीवृंदावनावर चढला, तिथून पत्र्यावर. मी सांगितलं, तो देवीचा आहे. मॅडमनी कागदावर 'नमुना मिळाला नाही' लिहिलं.

दुपारी १.
दहा पट्ट्या पाटावर मांडून लिंबाखाली ठेवल्या. साहेबांचा फोन आला म्हणून मॅडम फाटकाबाहेर गेल्या, माणसं हात धुवायला. राखण माझ्याकडे.
जवळून बघितलं. प्रत्येक पट्टीला एक छोटी खिडकी, खिडकीत एक लाल रेघ. शेजारी जागा मोकळी. भुंडं कपाळ दिसतं तसं दिसत होतं. या घरात शिलाई मशीन आली, फ्रिज आला, सोमेश्वरची मोटारसायकल आली, कुंकू लावल्याशिवाय काही चालू केलं नाही. सरकारी असलं म्हणून काय झालं, तेही यशासाठीच आहे.
हळद वाचवली. कुंकू पाण्यात पातळ केलं, चिमूटभरात दहा झाल्या. बोट जाड पडतं म्हणून अगरबत्तीच्या काडीनं एकेक बारीक रेघ ओढली, सरकारी रेघेला अगदी समांतर. भूमितीत ६२ होते. रूपाबाईच्या पट्ट्या परक्याच्या म्हणून सोडल्या नाहीत. दुजाभाव माझ्यात नाही.

दुपारी २.
मॅडम आल्या, वाकून बघितलं आणि आमच्या ओट्यावर बसल्याच. गॉगल घामानं धुरकटलेला, तो पुसायचंही सुचेना. रूपाबाईनं विचारलं, काय झालं. मॅडमनी सांगितलं: एक रेघ म्हणजे कोंबडी चांगली, दोन रेघा म्हणजे रोग. दहाच्या दहा पट्ट्यांना दोन रेघा.
मॅडमनी फोटो काढून साहेबांना पाठवला. पट्ट्या पिशवीत बंद केल्या.
एक क्षण मनात आलं की सांगावं. पण माझी रेघ देवाची, सरकारची रेघ वेगळी. एवढं शिकलेल्या माणसांना कुंकू ओळखू येणार नाही, असं कसं होईल. उलट देवाची कृपा म्हणून दोनवर भागलं. कुंकू लावलं नसतं तर तीन आल्या असत्या.
मोदक ११. चंद्र उशिरा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
गावाभोवती चुन्याची रेघ. पक्षी आत नाही, बाहेर नाही, चिकनचं दुकान बंद. भोपाळचा रिपोर्ट आठवड्यात येणार. रोग निघाला तर एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारून खड्ड्यात पुरणार. नुकसानभरपाई ज्याचं नाव यादीत त्याला. यादी उद्या.
या आठवड्याचा जवळा बाजार रूपाबाईचा हुकला. उंबऱ्यात बसून होती. मी जाऊन धीर दिला: सरकार सांगतं ते आपल्या भल्यासाठी असतं. संकल्प: नियम पाळण्यात गावाला आपला आदर्श दिसला पाहिजे.
दुपारी ४. देवीचा कोंबडा आणि त्याचा संसार देवघरात हलवला. देवाचं देवापाशी. यात लपवणं काही नाही. फक्त दार लावलं आणि खिडकीला चादर.

७ फेब्रुवारी, शनिवार
यादी झाली. रूपाबाईनं ऐंशी कोंबड्या मोजून दिल्या आणि पूर्ण नावानं सही केली.
आमच्याकडे मॅडमनी मालकाचं नाव विचारलं. मालक कोणीच नाही, मी माळकरी आहे, असं खरं ते सांगितलं. मग त्या परवाच्या पाच कोंबड्या कुठं आहेत? म्हटलं, मुके जीव, येतात तसे जातात. मॅडमनी लिहिलं: 'मालक आढळला नाही, पक्षी आढळले नाहीत.' तेवढ्यात देवघरातली घंटी वाजली. आत पूजेला कोण आहे, विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरात पूजा चालूच असते.
यात एक शब्द खोटा नाही. तपासून बघितला.

८ फेब्रुवारी, रविवार
देवघरातली स्थिती. अक्षता संपल्या. समईतलं तेल एकीनं पिलं. पोथीच्या गुंडाळलेल्या कापडावर तांबडी बसते, उठत नाही. कोंबडा घंटीचा लोळा चोचीनं ओढतो, पहाटेपासून. ह्यांनी विचारलं, घंटी काहून वाजून राहिली. म्हटलं, देवाची मर्जी. हे माझ्याकडे बघत राहिले आणि शेतात गेले.
रोग असलाच तर जावा म्हणून कापराचा धूर केला. सगळ्या खोकल्या. मीही.
पांढरे ८. दोन ताम्हनात.

१० फेब्रुवारी, मंगळवार
प्रतिक्षा म्हणाली, आई, रोग असेल तर तो घरात आणून ठेवलाय तुम्ही, आणि नसेल तर लपवलंय काहून? बी.ए. झालेल्या मुलींना उत्तर देत बसायचं नाही, असा संकल्प केला.
दुपारी रूपाबाई आली. चार दिवसांत तोंड एवढंसं झालेलं. ऐंशी कोंबड्यांना घरातली ज्वारी घालून राहिली आहे, मारायच्या असतील तरी उपाशी कशाला ठेवायच्या, म्हणते. मग म्हणाली, "चतुराबाई, तुमचा देव ऐकतो म्हणतात. माझ्या पोरीसाठी एवढं मागा." तिला देवघरात जाऊन नमस्कार करायचा होता. सोवळं आहे म्हणून मी दाराबाहेरूनच करायला लावला. ती डोकं टेकून होती तेव्हा आतून कोणीतरी कॉक-कॉक केलं. रूपाबाईनं डोकं वर केलं. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि घरी गेली.
तिला ऐकू कमी येतं असं मी पूर्वीपासून समजते.

११ फेब्रुवारी, बुधवार
जेवण गेलं नाही. उपवासात धरला.
पांढरे ९. कोणाला द्यावेसे वाटेना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३.
मॅडम आल्या. आज झगा नाही, साधा पंजाबी ड्रेस. बायका जमल्या. रिपोर्ट आला: एकाही कोंबडीला रोग नाही. कावळ्यांनाही नाही, ते करंटनं मेले. (ह्यांना सांगितलं नाही.)
रूपाबाईनं पदरात तोंड घातलं.
मॅडमचा चेहरा मात्र उतरलेला. गावातल्या दहाही पट्ट्या चूक कशा निघाल्या, म्हणून वरून त्यांनाच नोटीस आली आहे. नवी नोकरी, अजून कायम नाही. त्या दिवशीच्या पट्ट्यांची पिशवी त्यांनी पाटावर रिकामी केली. एका खिडकीवरून हलकेच नख फिरवलं. एक रेघ तशीच राहिली. दुसरी नखाला लागून आली. मॅडमनी नख नाकाशी नेलं, मग वळून आमच्या तुळशीच्या कुंकवाकडे बघितलं.
"काकू, तुमी या पट्ट्यांना हात लावला होता का?"
सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माळ हातात धरली. माळ धरून खोटं बोलता येत नाही.
"हात न्हाई लावला मॅडम," मी म्हटलं. "काडीनं लावलं."
कोणी हसलं नाही. रूपाबाईनं पदरातून तोंड बाहेर काढलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग देवघरातून कोंबडा आरवला. पाठोपाठ घंटी.
आधी प्रतिक्षा हसली, मग सगळ्याच. शेवटी मॅडमही, डोळे पुसत. दार उघडलं तेव्हा कोंबडा चौरंगावर उभा होता, गळ्यात कालचा झेंडूचा हार. हार मी घातलेला नाही. त्याचा तोच गुंतला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. एकादशी.
मॅडम पुन्हा आल्या, कागद पुरे करायला. रूपाबाईच्या कोंबड्या सहीवर मोकळ्या झाल्या, पुढच्या बाजाराला नेता येतील. आमच्या बारा पक्ष्यांना मालक नाही. बेवारस असतील तर घेऊन जावं लागेल, म्हणाल्या. मी देवीचं नाव सांगितलं. देवीला सही येत नाही, म्हणाल्या. ह्यांना हाक मारली तर हे शेतात, किंवा मुद्दाम.
सही केली. मालक: चतुराबाई, पूर्ण नाव, शिक्षण मॅट्रिक. त्याखाली दुसऱ्या कागदावर, पट्ट्यांवर कुंकू मीच लावलं, डॉक्टरांची चूक नाही, हेही माझ्याच हातानं लिहून दिलं. मॅडम म्हणाल्या, काकू, अक्षर छान आहे तुमचं. विज्ञानाबद्दल काही म्हणाल्या नाहीत.
मॅडम गेल्यावर कोंबड्या देवघरातून बाहेर काढल्या. तीनदा काढल्या. तीनदा खिडकीतून आत. सात दिवसांत जागा अंगवळणी पडली. तांबडी पोथीवर खुडूक बसली आहे, एकादशीला तिला उठवणं पाप. म्हणून देवच स्वयंपाकघरात हलवले, पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर. तात्पुरते.
संध्याकाळी रूपाबाई आली. सात दिवसांची ज्वारी मी तिला मापून दिली, वर एक शेर जास्त. तिनं मापटं घेतलं आणि देवघराच्या दाराशी उभी राहिली. "त्या दिवशी मी इथं डोकं टेकलं होतं," म्हणाली. "नवस लागू झाला. आता फेडायचा कुणाचा, तुमच्या देवाचा का तांबडीचा, ते तेवढं सांगा."
ती हसली, तेव्हा बसायला पाट दिला.
औंढ्याला जाणं रद्द. मागं कोंबड्यांना दाणे कोण टाकणार.
शाळिग्राम साखरेच्या डब्यावर आहे. त्याच्या ताम्हनात काय आहे ते खाली हिशोबात आलंच.
दूध १ लिटर. अंडी ११.